सॅमन बीचच्या पवनचक्क्या फेल गेल्या म्हणून काढल्या नाहीत

ऑस्ट्रेलियाने स्वतःचा पहिला विंड फार्म मोडीत काढला, वाऱ्यावर वीज होत नाही हे त्यांना कळून चुकलं, असा मेसेज फिरतोय. काढला हे खरंय, कारण साफ चुकीचंय. एस्परन्स गावाजवळ सॅमन बीचला सरकारी वीज कमिशनने १९८७ ला ६० किलोवॅटच्या सहाच पवनचक्क्या लावल्या, त्या १५ वर्षं चालल्या आणि मग वस्ती वाढत वाढत पार त्यांच्यापर्यंत आली म्हणून २००२ ला काढल्या. वाऱ्याचा दोष असता तर तिथेच २००३ ला नाइन माइल बीचवर ६०० किलोवॅटच्या सहा कशाला बसवल्या असत्या, म्हणजे त्यातली एकटीच जुन्या सहांना भारी! तेव्हा तो मेसेज प्लीज पुढे ढकलू नका, ज्यांना पाठवलाय त्यांनाही सांगा.