‘पोट्टे जीनमुळे नाई मरत’ : एका प्रतिक्रियेला जरा लांब उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया परवा रात्रीच वाचली, पण तेव्हा डोकं गरम झालं म्हणून उत्तर टाकलं नाही अन् बरंच झालं, सकाळी चहा घेताना परत वाचली तर अर्ध्याहून जास्त तुमचं बरोबर वाटलं. एका ठिकाणी तर सरळ माझीच चूक आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की एकाच घरातल्या दोन पोरांना मलेरिया होतो, एक तिसऱ्या दिवशी अंगणात खेळते अन् दुसऱ्याच्या डोक्यात ताप चढतो, आणि आफ्रिकेतल्या अभ्यासांवरून याचं एक कारण जंतूच्या जीनमध्ये दिसते. त्यावर भाऊंनी लिहिलं : "साहेब, आमच्याकडचे पोट्टे जीनमुळे नाई मरत, नाल्यावर पूल नाई म्हणून मरतात. आफ्रिकेतलं इकडे सांगून सरकारले सोडून राहिले काय? म्हणजे ज्याच्या नशिबी खराब जंतू आला तो गेला! अन् तुम्हीच लिहिलं होतं का सिकलसेलच्या एएसवाल्याले मलेरिया होत नाई, मंग शाळेतल्या तपासणीत एएस निघालेल्या माझ्या भाच्याले काहून झाला?" (एएस म्हणजे आई-बापांपैकी एकाकडूनच सिकलसेलचा जीन आलेला, वाहक. एसएस म्हणजे दोघांकडून आलेला, खुद्द आजार.)

पुलाचं आधी घेतो कारण त्यात वादच नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद, हे पावसाळ्यात पेपरात तरी येते, आतल्या गावांच्या नाल्यांचं तर तेही येत नाही. मी कोणाला सोडून राहिलो नाही. पण ‘नशिबी आला’ हे मी लिहिलं नव्हतं, अन् तसं नाही पण.

मी लॅब टेक्निशियन, जन्म गेला स्लाइड पाहण्यात. फाल्सिपॅरम, म्हणजे मलेरियाचा धोक्याचा जंतू, त्याच्या रक्ताच्या स्लाइडमध्ये एक गोष्ट डोळ्यात भरते, त्यात फक्त अंगठ्या दिसतात, म्हणजे अंगठीसारखे कोवळे जंतू, बारीक, टिंबवाल्या, अन् कधीमधी केळीच्या आकाराचे गॅमेटोसाइट, म्हणजे मच्छरात जायला तयार झालेले जंतू. वाढलेले, भरलेले मोठे जंतू जवळपास दिसतच नाहीत. व्हायवॅक्स या दुसऱ्या मलेरियाच्या जंतूत लहान-मोठे सगळे दिसतात. मग फाल्सिपॅरमचे मोठे जातात कुठे? तर जंतूला तांबड्या पेशीत वाढायला ४८ तास लागतात, त्यातले पहिले साधारण २० तास ती पेशी रक्तात फिरते, मग तिच्या अंगावर बारीक बारीक गाठी येतात, गाठीवर एक चिकट प्रोटीन, आणि पेशी बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीला गोचिडासारखी चिकटून बसते. बोटातून काढलेल्या थेंबात ती येणार कुठून?

हे चिकट प्रोटीन बनवणारे जीन, त्यांना ‘व्हार’ म्हणतात, एकेका जंतूजवळ साठच्या आसपास असतात आणि एका वेळी त्यातला एकच चालू असतो. साठ किल्ल्यांचा जुडगा कमरेला अन् हातात एकच किल्ली असं समजा. कुलपं म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवरची प्रोटीनं. बऱ्याच किल्ल्या सीडी ३६ नावाच्या कुलपाला लागतात, त्यात ताप येतो, पोरगं हैराण होते, पण बहुतेक वेळा औषधाने निभावते. काही किल्ल्या मात्र ईपीसीआर नावाच्या कुलपाला लागतात, हे २०१३ मध्ये कळलं, अन् हे कुलूप मेंदूच्या बारीक वाहिन्यांमध्येही असते. त्याचं काम काय, तर रक्त उगाच गोठू न देणं आणि वाहिनी झिरपू न देणं. जंतू तिथे बसला की ते काम अडते, मग झिरपणं, मग सूज. मलावीत मेंदूच्या मलेरियाच्या पोरांचे एमआरआय काढले, २०१५ ला छापून आलं, त्यात दगावलेल्या २५ पैकी २१ पोरांचा मेंदू भरती झाले तेव्हाच खूप सुजलेला होता.

आता माझी चूक. मी मागे ‘त्या पोराला वेगळ्या स्ट्रेनचा जंतू चावला’ अशा अर्थाचं लिहून मोकळा झालो होतो (जंतू चावत नाही, मच्छर चावतो, तेही एकाने कळवलंच, धन्यवाद). त्यावरून वाटते की या गावचा जंतू कडक अन् त्या गावचा नरम. असं नाही. एकाच मच्छराने दोघांना चावलं असेल, जंतूही तोच असेल, फक्त एकात ही किल्ली चालू अन् दुसऱ्यात ती. शिवाय मोठ्या पोराला आधी दोन-तीनदा मलेरिया होऊन गेलेला असला तर त्याच्या रक्तात या धोक्याच्या किल्ल्या ओळखणाऱ्या अँटीबॉडी तयार असतात, लहान्याजवळ काहीच नसते. तुम्ही नशीब म्हटलं ते हे, पण हे वरून दिसत नाही ना भाऊ. तापावरून दिसत नाही, किटवरून नाही, माझ्या मायक्रोस्कोपातूनही नाही.

एक सांगतो, आजही आठवते. रोवणीचे दिवस, चार वर्षांची पोरगी, आईच्या पायाला बांधीचा चिखल तसाच. स्लाइड केली, शंभर फील्डमध्ये सात-आठ अंगठ्या, मी लिहिलं पीएफ (म्हणजे फाल्सिपॅरम) रिंग, एक प्लस. थोडेच जंतू आहेत म्हणून मलेरियाच्या गोळ्यांचं पिवळं पाकीट देऊन घरी पाठवलं, आणि पाठवणाऱ्यांत मीही होतोच, ‘काई नाई बाई, हलका हाय’ हे माझेच शब्द. घरी जाऊन पोरगी गोळ्या ओकली. रात्री झटके. पहाटे ट्रॅक्टरवर आणली तेव्हाच्या स्लाइडमध्ये एकेका फील्डमध्ये वीस-वीस अंगठ्या. कुठून आल्या एका रात्रीत? भिंतीला चिकटलेले मोठे फुटले अन् त्यांची पिल्लं रक्तात उतरली. पहिल्या दिवशी मी मोजले ते फिरणारे, खरे बसले होते ते मला दिसतच नव्हते. आर्टेसुनेटचं इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून वाचली, आता कॉलेजात आहे. तेव्हापासून मी ‘हलका’ हा शब्द कोणाच्या रिपोर्टवर बोललो नाही.

आता ‘आफ्रिकेतलं इकडे काय कामाचं’ हे पाहा. त्या पोरीला क्विनाइनच्या सलाईनऐवजी आर्टेसुनेट मिळालं त्याच्यामागे आफ्रिकेतलीच पाच हजारांवर पोरं आहेत. त्यांच्यावरचा अभ्यास २०१० ला आला, क्विनाइनवाल्यांत १०.९ टक्के गेले अन् आर्टेसुनेटवाल्यांत ८.५. फरक छोटा वाटते, पण शंभर गंभीर पोरांमागे दोन घरी परत आली असा त्याचा हिशोब. आणि जीनचं इकडचंही आहे की. आशाताईच्या किटमध्ये पीएफची जी रेघ येते ती जंतूच्या एचआरपी-२ नावाच्या प्रोटीनमुळे, अन् काही जंतूंमध्ये हा जीनच गळून गेलेला असतो, मग जंतू आहे पण रेघ नाही. असे जंतू आपल्या शेजारी छत्तीसगडमध्येही सापडलेत, प्रमाण थोडं आहे, पण किट निगेटिव्ह अन् थंडी वाजून ताप चालूच, तर स्लाइडसाठी भांडा, टेक्निशियनने तोंड वाकडं केलं तरी.

भाच्याचं आता. मी ‘एएसवाल्याला मलेरिया होत नाही’ असं लिहिलं नव्हतं, ‘गंभीर होत नाही’ लिहिलं होतं, पण तेही जरा जास्तच झालं. एएस असला तर फाल्सिपॅरम गंभीर होण्यापासून नव्वद टक्क्यांच्या घरात बचाव मिळते, साधा ताप मात्र येऊ शकते. आणि डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये एक काम आलं, गांबिया अन् केनियातल्या गंभीर मलेरियाच्या ३,३४६ पोरांचे अन् त्यांच्या जंतूंचे, दोघांचेही जीन तपासले. तर एएस असूनही जी पोरं गंभीर झाली त्यांच्यात बहुतेक एका खास प्रकारचे जंतू निघाले, जीनमध्ये तीन ठिकाणी बदललेले, आणि अशा जंतूसमोर एएसचं कवच जवळजवळ उरतच नव्हतं. आपण इकडे पिढ्यान्‌पिढ्या सिकलसेल घेऊन बसलो, तर जंतूनेही तिकडे तोड काढून ठेवली. हे बदल आफ्रिकेबाहेर क्वचितच दिसलेत, म्हणून भाच्याचं कारण हेच असं मी म्हणणार नाही. त्याला साधाच ताप आला असेल तर त्यासाठी जंतू बदललेला असायची गरजही नाही.

पण मला एक दुसरीच शंका आहे. तुमच्या भाच्याची तपासणी शाळेत झाली म्हणता, तिथे बऱ्याचदा सोल्युबिलिटी टेस्ट करतात, अन् ती फक्त सिकल आहे की नाही सांगते, एएस की एसएस हे सांगत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तपासणी लागते. पोरगा एसएस निघाला तर मलेरिया त्याला जास्त धोक्याचा आहे, कवच वगैरे काही नाही. कार्डावर एएस कशावरून लिहिलं ते एकदा पाहा, रिपोर्ट नसेल तर परत करून घ्या, अन् काय निघालं ते इथेच खाली कळवा.