गाळ काठावर ठेवू नका
नागरिकांनी नगरपरिषदेला सूचना द्याव्यात असं एका लेखात वाचलं. माझी सूचना जुनीच आहे. आमचं किनाऱ्यावरचं लहान शहर. दरवर्षी मे अखेरीस गटारं उपसतात आणि गाळ तिथेच काठावर ठेवतात. मिरगाच्या पहिल्या सरीत तो परत गटारात! बाजारपेठेत गुडघाभर पाणी, त्यात उधाणाची भरती असली की उतरायचं नाव नाही. गाळ उचलल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नका, बास.

आणि हो, २०१६ च्या घनकचरा नियमांतच ओला-सुका वेगळा करायला सांगितलं होतं. आम्ही दोन बादल्या घेऊन उभ्या, घंटागाडीवाला दोन्ही एकत्रच ओततो. वर म्हणतो, "काकी, पुढे सगळं एकच होतं." गाडीत मधे एक पत्रा तरी ठोका!