लाखाचं इनाम आणि वर्षाचा खुराक : पैलवानकीवर फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

चैत्रातल्या जत्रा जवळ आल्या की मोहोळ, माळशिरस, करमाळा, मंगळवेढा या सोलापूर जिल्ह्यातल्या ग्रुपवर एक संदेश फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा : "पोराला शाळेत बसवून काय मिळतंय? तालमीत घाला. एका जत्रेला लाखाचं इनाम, एका हंगामात दहा-पंधरा लाख. माती पुरेशी आहे, गादीचं काही नडत नाही. महाराष्ट्र केसरी झाला की थार आणि डीवायएसपीची नोकरी. तेही नाही जमलं तर डब्ल्यूडब्ल्यूई आहे, खली नाही का गेला?"

लिहिणाऱ्याचं कुस्तीवर प्रेम असेल. पण असलं वाचून आठवीतल्या पोराचा दाखला काढणारे बाप जिल्ह्यात आहेत, म्हणून एकेक मुद्दा तपासून घेतला पाहिजे.

आधी पैसा. जत्रेच्या पोस्टरवर लाखाचा आकडा असतो तो एक नंबरच्या कुस्तीचा, फार तर दोन नंबरच्या. मैदान दुपारी चारला सुरू होतं ते बारक्या पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांनी. मग शंभर, पाचशे, हजार असं चढत जातं, आणि हलगी खरी तापते तेव्हा अंधार पडलेला असतो. नंबरच्या कुस्त्या आधीच नेमलेल्या असतात. कमिटी नाव असलेल्या पैलवानाला स्वतः बोलावते. बाकीच्यांनी रिंगणात फिरून जोड, म्हणजे लढायला समोरचा गडी, मिळवायची. वजनाची आणि तोडीची जोड नाही मिळाली तर गाडीभाडं अंगावर घेऊन परत यायचं.

जाहीर झालेली रक्कमही सगळी एकाच्या हातात पडेल असं नाही. काही ठिकाणी ती दोघांत ठरलेल्या हिश्शानं वाटतात, काही ठिकाणी कुस्ती बरोबरीत सुटली की कमी करतात. म्हणून सलामी देण्याआधी तीन गोष्टी वस्तादाकरवी पक्क्या कराव्यात : जिंकल्यास किती, हरल्यास किती, बरोबरीत सुटल्यास किती. हे न विचारता लांग (लंगोट) कसली की रात्री अकराला मंडपात बसून देणगीदाराची वाट पाहायची वेळ येते.

आता हिशेब. 75-80 किलोचा, नाव होऊ लागलेला पण पोस्टरवर फोटो नसलेला पैलवान धरा. वर्षात 25 मैदानं, प्रत्येक कुस्ती 10,000 ची, वाटणी 60-40 ठरलेली. 13 जिंकल्या तर 78,000, 12 हरल्या तर 48,000, मिळून 1,26,000. प्रवास, जेवण, सोबतचा गडी असे मैदानामागे निदान 1,000 धरले तर 25,000 गेले. हातात उरले 1,01,000.

आणि खुराक? रोज 3 लिटर म्हशीचं दूध 65 रुपयांनी धरलं तर महिन्याला 5,850. रोज 100 ग्रॅम बदाम, किलोला 900 प्रमाणे, 2,700. रोज 100 ग्रॅम तूप, 700 प्रमाणे, 2,100. आठवड्याला 2 किलो मटण म्हणजे महिन्याला साधारण 6,000. रोजची 6 अंडी 1,260. फळं 1,800, दोन वेळचं जेवण 3,500, तालमीची फी 1,000. बेरीज 24,210 महिन्याला, वर्षाला 2,90,520. आपल्या गावचे भाव घाला, आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण इनाम आणि खुराक यांच्यातली जवळपास एक लाख नव्वद हजारांची तूट कुठं जात नाही. ती बापाच्या उसाच्या बिलातून भरली जाते, नाहीतर म्हैस विकून.

"मैदानं वाढवावीत" असं कुणी म्हणेल. वाढत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक जत्रा चैत्र-वैशाखात येतात, हनुमान जयंतीला तर एकाच दिवशी अनेक गावांत मैदान असतं आणि पैलवानाचं अंग एकच. त्यात सोलापूरचं ऊन. बेचाळीस अंशांत लागोपाठ तीन दिवस तीन मैदानं केली की चौथ्या दिवशी पोटऱ्यांत गोळे येतात, पकड सुटते आणि नेमका कमी तयारीचा गडी पाडून जातो. पडलेल्या पैलवानाचा पुढच्या जत्रेतला भावही उतरतो.

माती पुरेशी आहे, हा दुसरा मुद्दा. माती ही पैलवानाची आई आहे, पाया तिथंच होतो. पण राष्ट्रीय अजिंक्यपद, खेलो इंडिया, आशियाई, ऑलिंपिक हे सगळं गादीवर, म्हणजे मॅटवर, चालतं आणि तिथला खेळ वेगळा आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद विश्रांती. खाली नेऊन ताबा मिळवला तर 2 गुण, वर्तुळाबाहेर ढकलला तर 1, आणि फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. मातीत वीस मिनिटं अंगाला अंग लावून समोरच्याला दमवायची सवय लागलेला गडी गादीवर पहिल्या दोन मिनिटांत सहा गुणांनी मागे पडतो. मातीत घामेजलेल्या मनगटावर मूठभर माती टाकली की पकड बसते, गादीवर तोच हात साबणासारखा निसटतो. जांघियाला हात घालून डाव मारणाऱ्याला गादीवर कपडा धरला म्हणून पंच ताकीद देतो. घिस्सा, ढाक, एकलंगी हे डाव गादीवरही चालतात, पण उभं राहण्याची उंची आणि पटात (समोरच्याच्या पायांत) शिरायचा वेग बदलावा लागतो. हे बदलायला चौदा-पंधराव्या वर्षापासून आठवड्यात निदान तीन दिवस गादी लागते. विसाव्या वर्षी सुरू केलं तर अंग ऐकत नाही.

नोकरीच्या मुद्द्यावर संदेश अर्धं खरं सांगतो, आणि तेच जास्त घातक आहे. नरसिंग यादव आणि विजय चौधरी हे दोघं तीन-तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाले आणि पोलीस उपअधीक्षक झाले, हे खरं. आपल्या जिल्ह्याचा अभिमानही खरा. दक्षिण सोलापुरातल्या बोरामणीच्या शेख घरात तीन भावांनी महाराष्ट्र केसरीचा किताब आणला : इस्माईल 1980, आप्पालाल 1992, मुन्नालाल 2002. करमाळ्याचा बाला रफिक 2018 ला, मोहोळचा सिकंदर 2023 ला. पण 1961 पासून किताब दर स्पर्धेला एकच आहे आणि किताबाचा गट 86 ते 125 किलोचा आहे. ज्या पोराच्या हाडापेराला 70 किलोच शोभतात, त्याला दूध-तूप चारून 90 करायला गेलं तर वजन पोटावर बसतं, गुडघ्यावर येतं आणि चपळाई जाते. त्याची जागा 70 किंवा 74 च्या गटात आहे, आणि तिथलं राज्य पदकही नोकरीसाठी तितकंच मोलाचं आहे.

कारण सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण जत्रेतल्या इनामावर मिळत नाही. मान्यताप्राप्त संघटनेच्या, शासनानं ग्राह्य धरलेल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं आणि त्याची पडताळणी क्रीडा खात्याच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्यांची मुदत टळते. पदक मिळालं की लगेच पडताळणीला द्यावं. जत्रेतली ढाल, फेटा आणि लाखाच्या कुस्तीचा फोटो यांना तिथं किंमत नाही. शिवाय पदाची शैक्षणिक अट कुणाला चुकत नाही. म्हणजे आठवीत दाखला काढलेलं पोरगं पदक असूनही दारातून परत येतं. शाळेत नाव असेल तर शालेय स्पर्धांचा तालुका-जिल्हा-विभाग-राज्य हा रस्ता उघडा राहतो आणि दहावी-बारावीला क्रीडागुणही मिळतात. शाळा सोडली की हे दोन्ही जातं.

दुखापतीबद्दल त्या संदेशात चकार शब्द नाही. गुडघ्याचंच पाहा. पाय मऊ मातीत रुतलेला असतो, वरून गडी अंग टाकतो, मांडी फिरते, नडगी जागेवरच राहते. आतून 'टक्' होतं. दोन-चार तासांत गुडघा भोपळ्यासारखा फुगला तर आत रक्त साठलंय आणि अस्थिबंध तुटल्याचा संशय घ्यायचा. इथं चूक होते ती अशी : मालिश करतात, पट्टा बांधतात, पंधरा दिवसांत सूज उतरते, पोरगं चालायला लागतं आणि पुढच्या जत्रेत उतरतं. सैल गुडघ्याला दुसरा हिसका बसला की आतली चकतीही फाटते. एमआरआय, शस्त्रक्रिया, मग साधारण नऊ महिने व्यायाम, म्हणजे एक अख्खा हंगाम गेला. अपघात विमा असेल तर त्यात व्यावसायिक खेळ वगळलाय का, तेवढी ओळ आधी वाचून घ्यावी.

कानाचं तसंच. पाळी मऊ फुगली की कूर्चेवर रक्त साकळलेलं असतं. पहिल्या काही दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ते काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. तालमीत कुणी सुई टोचून काढलं तर पू होतो.

आणि दमसास वाढवायचं म्हणून गावोगाव विकलं जाणारं मेफेंटरमाइनचं इंजेक्शन हे भूल देताना रक्तदाब पडला तर डॉक्टर वापरतात ते औषध आहे. पैलवानाच्या हृदयाला ते धोक्याचं आहे आणि उत्तेजकांच्या बंदी यादीत आहे. पहिल्याच वेळी सापडलं तर चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. पैलवानाची उमेदीची वर्षं असतात किती?

राहिलं डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे टीव्हीवर दिसणारी अमेरिकेतली कुस्ती. तो वेगळा धंदा आहे. तिथले निकाल आधी ठरतात, हे त्या कंपनीनं 1989 मध्येच अमेरिकेत न्यू जर्सीत मान्य केलंय. आपला पैलवान लहानपणापासून एकच शिकतो, पाठ लागू द्यायची नाही. तिथला पहिला धडा पाठीवर पडण्याचा : हनुवटी छातीला, पाठीचा वरचा भाग सपाट, दोन्ही हात एकाच वेळी आपटायचे. खाली पातळ फोम आणि लाकडी फळ्या. हनुवटी सुटली की डोकं मागं आपटतं. मोठ्या कंपनीबाहेरचे स्वतंत्र रेसलर प्रयोगागणिक पैसे घेतात. प्रवास, पोशाख, दवाखाना बहुतेकांना स्वतःच पाहावा लागतो. खलीची उंची सात फुटांच्या घरातली होती, आणि त्याच्याकडं आधी पंजाब पोलिसांची नोकरी होती.

पोराला तालमीत घालायचंच असेल तर जरूर घाला, पण दाखला शाळेतच ठेवून. वस्तादांना विचारा : गादी आहे का, आठवड्यात किती दिवस? जिल्हा संघटनेकडं पोरांची नोंद करता का? गेल्या वर्षी किती पोरं राज्य स्पर्धेला गेली? सकाळचा मेहनत-जोर आटोपून पोरं शाळेत वेळेवर पोचतात का? जन्मदाखल्यावरची आणि आधारवरची तारीख एक आहे ना, तेही त्याच दिवशी पाहून घ्या. वयोगटाच्या स्पर्धेत वजनाच्या काट्याआधी कागद तपासतात, आणि तारीख जुळली नाही तर पोराला लांग न कसताच घरी यावं लागतं.