हॉलमार्क आहे ना, मग झालं!

आज संध्याकाळी गोखले रोडवरच्या एका सराफाकडे पुतणीच्या लग्नाचे दागिने पाहत असताना मी विचारले, की हे सोने मुळात कुठल्या खाणीतून येते. काउंटरवरचा तरुण क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "हॉलमार्क आहे ना मॅडम, मग झालं!" शेजारच्या दोघी हसल्या. त्या हसण्याचा राग घरी आल्यावरही उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

हॉलमार्कवरून सोन्याची शुद्धता कळते. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांकही बंधनकारक झाला. मात्र ते सोने कोणी आणि कशाच्या मदतीने दगडातून वेगळे केले, याचा त्यात कुठेही उल्लेख नसतो. पेरू, घाना, इंडोनेशिया अशा कितीतरी देशांत मिळून १ ते २ कोटी माणसे लहान खाणींवर पोट भरतात. ती खनिजाच्या चुऱ्यात पारा मिसळतात, पारा सोन्याचे कण धरतो, जास्तीचा पारा फडक्यातून पिळून काढला जातो आणि उरलेला गोळा उघड्या आचेवर, पुष्कळदा घरातल्या चुलीवरच, तापवला जातो. पारा वाफ होऊन उडतो आणि खाली सोने उरते.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तेही खाणीवर नव्हे, तर चरईतल्या आमच्या चाळीत. शेजारचे काका झारेकरी होते. सोनारांच्या दुकानांतला केर आणि राख आणून ते परातीत धुवत आणि त्यात पारा घालून हाताने चोळत. फडक्यातून पिळलेला गोळा लोण्यासारखा मऊ, राखाडी असे. गॅलरीच्या टोकाला शेगडीवर लोखंडी पळीत तो ठेवला, की हळूहळू पिवळा होई आणि आम्ही मुले ते बघायला अगदी जवळ जाऊन बसत असू. पाऱ्याच्या वाफेला रंग नसतो, वासही नसतो. त्यामुळे आम्हाला तिथून उठवावे असे कोणालाच वाटले नाही.

श्वासावाटे आत गेलेल्या या वाफेपैकी सुमारे ८० टक्के पारा शरीर शोषून घेते. तो मेंदूपर्यंत पोहोचतो, गरोदर बाईच्या वारेतून बाळापर्यंत जातो आणि मूत्रपिंडांनाही इजा करतो. हात कापू लागतात, हिरड्या सुजतात, झोप उडते, विसरभोळेपणा येतो, माणूस चिडका होतो. काकांना पन्नाशीच्या आतच चहाचा कप धरवेना. काकू बशी त्यांच्या ओठांशी धरत आणि ते कारण नसताना त्यांच्यावरच खेकसत. डॉक्टरांनी नसा कमजोर झाल्याचे सांगून गोळ्या दिल्या, पण हा माणूस काम काय करतो, हे एकदाही विचारले नाही. काकांचा स्वभावच तापट, असे सगळी चाळ म्हणत असे. आज त्या बोलण्याची मला लाज वाटते, कारण ते माणूस म्हणून फार मायाळू होते.

दुकानातले सगळेच सोने असे निघत नाही, हे मान्य. पाऱ्यावर नुसती बंदी घातली तर गरिबाची चूल विझेल आणि चोरटा पारा वाढेल, हेही खरे. पण उपाय आहेतच की! रिटॉर्ट म्हणजे झाकण आणि नळी असलेले लोखंडी भांडे. त्यात वाफ थंड होऊन बहुतेक पारा परत मिळतो. फिलिपिन्समध्ये तर काही ठिकाणी पाऱ्याऐवजी टाकणखार (बोरॅक्स) वापरून सोने काढतात. पाऱ्याला आळा घालण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१७ मध्ये अमलात आला, भारताने तो २०१८ मध्ये मंजूर केला आणि वस्तीत असा गोळा जाळण्याची पद्धत बंद व्हावी, असे त्या करारातच लिहिले आहे. आमची गॅलरी ही वस्तीच होती!

तोळ्याच्या भावावर तासभर घासाघीस करणारे आपण, या माणसांच्या फुप्फुसांचा हिशेब कोणाच्या बिलात धरतो? सराफ व्यवसायाला रिफायनरीपासून दुकानापर्यंतची एवढी मोठी साखळी सांभाळता येते, तर उगमाची नोंद ठेवणे अशक्य आहे, हे मला पटत नाही.

ज्यांच्या ओळखीत कोणी झारेकामात किंवा सोने गाळण्याच्या कामात आहे, त्यांनी एवढे तरी करावे. हात कापत असतील, तर डॉक्टरांना आधी कामाचे स्वरूप सांगावे आणि लघवीतील पाऱ्याची तपासणी करून घ्यावी, कारण वाफेतून गेलेला पारा त्या तपासणीत कळतो. आणि ती शेगडी घरातून, मुलांपासून दूर, आजच हलवावी.