मावशीच्या चकलीवर मेपलची पानं

आज दुपारी मावशीने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पोस्टर पाठवलं आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. केशरी बॅकग्राउंड, चारही कोपऱ्यांत मेपलची लाल पानं, खाली भोपळे, आणि मधोमध ठळक अक्षरात "ऑटम सेल, फ्लॅट 20 टक्के ऑफ, 1 ऑक्टोबरपासून". त्या पानांच्या मधे कुठेतरी कोंबलेली चकली, शेव, चिवडा, अनारसे. मावशी डोंबिवलीत घरून फराळाच्या ऑर्डरी घेते, वर्षानुवर्षं घेतेय, तुमच्यातल्या काही जणांनी खाल्लाय तिचा फराळ. कुठल्याशा एजन्सीने फोन करून करून तिच्या गळ्यात हे "फेस्टिव्ह पॅकेज" मारलं आणि आठ हजार घेतले. आठ हजार! आणि वर मावशी मलाच विचारते, "अगं, बरं दिसतंय ना?"

काय सांगू मी तिला?

पहिलं म्हणजे ही पानं कुणाची आहेत? आपल्याकडे पानगळ फेब्रुवारी-मार्चमधे होते. आत्ता पाऊस सरतोय, डोंगर हिरवेगार आहेत, शेतात झेंडू उभा आहे, थोड्या दिवसांत भातकापणी सुरू होईल, आणि ऑक्टोबरचं ऊन असं की दुपारी गच्चीत पाय ठेववत नाही. त्याच उन्हात मावशी पातळ पोहे पसरते, वर जुनी ओढणी टाकते, दर थोड्या वेळाने हात फिरवून बघते, आणि म्हणून तिचा चिवडा पंधरा दिवस चिवट होत नाही. त्या पोह्यांचा फोटो टाकला असता ना पोस्टरवर तरी बघणाऱ्याला कळलं असतं की ही बाई काय करते. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीने मेपलची पानं खुशाल लावावीत, तिच्या अंगणात ती पडतात. डोंबिवलीत कशाला?

आणि ती तारीख. 1 ऑक्टोबर. यंदा तेव्हा पितृपक्ष चालू आहे हो! सर्वपित्री 10 ला आहे, घटस्थापना 11 ला. पितृपक्षात आपली माणसं नवीन काही घेत नाहीत, बोलणीसुद्धा पुढे ढकलतात. तुम्ही माना नका मानू, मीही फारशी मानत नाही, पण मावशीचं गिऱ्हाईक मानतं आणि धंदा त्या गिऱ्हाइकाशी आहे. दिवाळी इंग्रजी महिन्याला बांधलेली नाही हे या मार्केटिंगवाल्यांना कुणीतरी सांगा. 2024 ला लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला होतं, 2025 ला 21 ऑक्टोबरला, आणि यंदा अधिक ज्येष्ठ आला म्हणून थेट 8 नोव्हेंबरला. गेल्या वर्षीचं कॅलेंडर उचलून चिकटवलं की असंच होणार. कालनिर्णय उघडून बघायला काही आठ हजार लागत नाहीत.

आता त्या 20 टक्क्यांबद्दल, कारण खरा राग मला त्याचा आहे. मावशीची चकली पाचशे रुपये किलो. भाजणीचं सामान, लोणी, तेल, गॅस, मदतीला येणाऱ्या ताईंची मजुरी, डबे, हे सगळं वजा जाऊन तिला किलोमागे शंभर-सव्वाशे सुटतात. पाचशेचे 20 टक्के किती? शंभर! म्हणजे दिवसभर कढईपुढे उभं राहून, मनगट सुजवून, फुकट तळायचं? 2024 ला सरकारने ऐन सप्टेंबरमधे खाद्यतेलाची आयात ड्युटी वाढवली, दिवाळीच्या तोंडावर तेलाचा डबा महागला, तेव्हासुद्धा तिने जुन्या गिऱ्हाइकांना जुनाच भाव लावला होता. अशा बाईला डिस्काउंट द्यायला सांगणाऱ्याने एकदा तिच्या स्वयंपाकघरात येऊन उभं राहावं. मोठ्या दुकानांचं वेगळं असतं, ते आधी भाव वाढवतात आणि मग सूट देतात, मावशीला ते जमत नाही आणि जमू पण नये.

बरं, फोटो एजन्सीच्या मुलाने चांगले काढलेत, हे मान्य. कॅटलॉग, क्यूआर कोड, हेही उपयोगाचं आहे. पण पोस्टरवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा नोंदणीचा, 14 आकडी नंबर नाही! तिने रीतसर काढलेला नंबर आहे, घरगुती फराळ घेताना हल्ली लोक तो आधी बघतात, आणि तोच गायब. भोपळ्यांना मात्र जागा आहे.

या दिवसांत धंदा कसा वाढवायचा हे आपल्याकडे कुणाला कळत नाही असं थोडंच आहे? नवरात्रातले नऊ रंग घ्या. वीसेक वर्षांपूर्वी महाराष्ट्र टाइम्सने रोजचा रंग छापायला सुरुवात केली, त्या रंगाच्या साड्यांतल्या बायकांचे फोटो छापले, आणि आज लोकलचा लेडीज डबा म्हणा, बँकेचं काउंटर म्हणा, सगळ्या एका रंगात. कुठे सूट होती त्यात? आपण पण यात आहोत असं प्रत्येकीला वाटलं, बस. आमच्या गल्लीतला बांगडीवाला नवरात्राच्या आधीच नऊ रंगांचे सेट बांधून ठेवतो, फॉल-पिकोवाली "उद्याचा रंग आज द्या" अशी पाटी लावते. माहीमच्या कंदील गल्लीत लोक लांबून लांबून येतात, कारण तिथे रस्त्यावर उभं राहिलं की दिवाळी आली असं वाटतं.

आणि मावशी स्वतः काय करते सांगू? कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत असतं तिथे ती चकल्यांचा एक डबा नेऊन ठेवते. नाव नाही, स्टिकर नाही. पोरं खातात, मग त्यांच्या आया खातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिचा फोन वाजायला लागतो. तिच्या वहीत प्रत्येक गिऱ्हाइकापुढे लिहिलेलं असतं, कुणाला तिखट कमी, कुणाच्या घरी शुगर आहे म्हणून करंज्या नकोत, कुणाची मुलगी यंदा पहिल्या दिवाळसणाला येणारे. असं लिहून ठेवणारं माणूस कुठल्या पॅकेजमधे येतं?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तो पोस्टर करणारा मुलगाही कुणाच्या तरी पगारावर दिवसाला ढीगभर डिझाइनं करत असेल, त्याला कुणी सांगितलंच नसेल की हे फराळासाठी आहे. दोष त्याला पगार देणाऱ्यांचा, जे साठीच्या बाईला "मॅडम, रीच वाढेल" म्हणून घाबरवतात, ऑनलाइन नसलात तर बुडाल म्हणतात.

मावशीला मी फोन केला. पोस्टर कुठेही टाकू नको म्हटलं. ती जरा हिरमुसली, पैसे गेले म्हणून. मग आम्ही दोघींनी मिळून साधा मेसेज लिहिला: काय काय करणार, भाव काय, नंबर, ऑर्डर कधीपर्यंत. घटस्थापनेला सकाळी जाईल. परदेशी पाठवायचं असेल त्यांचं सामान आधी तळून होईल, म्हणजे कुरियरला वेळ मिळतो.

तुमच्या ओळखीत असं घरून काही करणारं कुणी असेल, कंदील, उटणं, पणत्या, रांगोळी, काहीही, तर त्यांना या पॅकेजवाल्यांच्या नादी लागू देऊ नका, आणि प्लीज त्यांच्याशी भाव करू नका. आणि मावशीकडून ज्यांना अनारसे हवेत त्यांनी दसऱ्याच्या आत सांगा. तांदूळ तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, मग वाळवायचा, दळायचा, गूळ घालून पीठ मुरवायचं. वसुबारसेला फोन करून "अर्धा किलो होतील का" विचारलंत तर ती नाही म्हणेल, आणि मी मधे पडणार नाही.