‘उन्हात फिरलात का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

शोधगंगेत, म्हणजे देशभरातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, प्रबंधाची पीडीएफ जाते, त्यामागच्या मूळ नोंदी जात नाहीत. त्याही जपाव्यात आणि खुल्या कराव्यात, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण लिहिलंत: “दुसऱ्यांच्या घामाचा डेटा फुकट वाटायला निघालात, स्वतः कधी उन्हात फिरलात का? झेनोडोवर जागा अमर्याद नाही. आणि मुलाखत देणाऱ्यांच्या संमतीचं काय?”

झेनोडोचं, म्हणजे संशोधनाचा डेटा ठेवायच्या त्या मोफत वेबसाइटचं, मान्य. एका नोंदीला ५० जीबीची मर्यादा आहे. ‘हवं तेवढं चढवा’ हे माझं वाक्य चुकलं, लेखात दुरुस्त केलंय.

पण “उन्हात फिरलात का” ही काय बोलायची रीत झाली? मतभेद असू दे, समोरच्याची लायकी कशाला काढायची? आता विचारलंच आहे तर ऐका. पीएचडीसाठी जत तालुक्यातल्या ६२ विहिरींची पाणीपातळी मी दोन वर्षं दर महिन्याला मोजली. एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं पायी. मे महिन्यात टेप खडकाला टेकायची आणि काठावरचा शेतकरी म्हणायचा, “लिहा ताई, कोरडी.” प्रबंधात या सगळ्याचे चार आलेख गेले. वह्या विभागातल्या लोखंडी कपाटात राहिल्या. गाइड निवृत्त झाले, विभाग दुसऱ्या इमारतीत हलला, वह्या रद्दीत गेल्या. एक्सेलची फाइल होती ती हार्डडिस्क त्याआधीच बंद पडलेली. गेल्या वर्षी जतच्याच पाण्यावर काम करणाऱ्या एका मुलीनं त्या नोंदी मागितल्या. तिला ‘नाहीत’ एवढंच लिहिलं, आणि तो दिवस माझा वाईट गेला. घाम माझाच होता. कुणाला दिला नाही म्हणून तो वाचला का?

मोठ्यांचंही तेच. क्योतो विद्यापीठात २०२१च्या डिसेंबरात बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीनं महासंगणकावरचा ७७ टीबी डेटा पुसला गेला. आपल्याकडं तर पेनड्राइव्ह आणि गाइडचा लॅपटॉप!

आणि ‘फुकट’ कसलं? डेटासेटला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक, मिळतो, वापरणारा तुमच्या नावानं संदर्भ देतो. पेपर छापून येईपर्यंत फाइल कुलूपबंद ठेवायचीही सोय असते. हे मूळ लेखात होतं, तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही.

संमतीचं म्हणाल तर विहिरीची खोली हे कुणाचं गुपित नव्हे. मुलाखतींचा विषय वेगळा आहे, तो इथं ओढू नका.

पुन्हा जरूर लिहा. पण त्याआधी तुमच्या स्वतःच्या वह्या आज कुठं आहेत, ते एकदा बघून या.