राज्य सरकार ही केंद्राची शाखा नव्हे

"मावशी, मग विधानसभेला मत देऊन उपयोग काय?" भाचीनं परवा हे विचारलं आणि वही पुढे केली. एमपीएससीच्या अभ्यासाची वही. व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज तिनं त्यात जसाच्या तसा उतरवून घेतला होता. पाच मुद्दे, आणि पहिल्याखाली दोन रेघा. हा मेसेज दोन आठवडे आमच्या नातेवाइकांत फिरतोय. इतके दिवस मी दुर्लक्ष केलं, पण तो अभ्यासाच्या वहीत शिरल्यावर गप्प बसवेना.

मेसेज थोडक्यात असा: राज्य सरकार म्हणजे केंद्राचं शाखा कार्यालय, अधिकार केंद्रानं दिलेत आणि केंद्र ते केव्हाही काढून घेऊ शकतं. केंद्राच्या कायद्यापुढे राज्याचा कुठलाच कायदा टिकत नाही. राज्यं केंद्राच्या पैशावर जगतात. राज्यपालांनी एक अहवाल पाठवला की सरकार घरी. आणि राज्यांच्या सीमासुद्धा संसदच ठरवते.

दोन रेघांवरचं वाक्य सगळ्यात खोटं आहे आणि सगळ्यात घातकही. राज्यांना अधिकार केंद्र देत नाही, घटना देते. केंद्रालाही त्याच घटनेनं दिलेत. "राज्यांच्या नगरपालिका करून टाकल्या" हा आक्षेप संविधान सभेतही झाला होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला सरळ उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की ही वाटणी केंद्राच्या एखाद्या कायद्यानं झालेली नाही, खुद्द घटनेनं केलेली आहे. कायदे करण्यासाठी किंवा कारभार चालवण्यासाठी राज्यं केंद्रावर अवलंबून नाहीत. या बाबतीत दोघं बरोबरीचे आहेत. घटनेचा मसुदा ज्यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, त्यांचे हे शब्द. मेसेज लिहिणाऱ्यानं ते भाषण एकदा तरी वाचायला हवं होतं.

आता "केव्हाही काढून घेऊ शकतं" याबद्दल. कुठला विषय कुणाचा, हे सातव्या अनुसूचीत लिहिलंय. घटना लागू झाली तेव्हा केंद्राच्या सूचीत ९७ विषय होते, राज्याच्या ६६ आणि समवर्ती सूचीत, म्हणजे ज्यावर दोघांनाही कायदे करता येतात त्या सूचीत, ४७. यात फेरफार करायचा तर संसदेतलं दोन तृतीयांश बहुमतसुद्धा पुरत नाही. कलम ३६८ प्रमाणे किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांनी त्याला मान्यता द्यावी लागते. २०१६ ची जीएसटीची घटनादुरुस्ती याच वाटेनं गेली. आपले नियम बदलायला मुख्य कार्यालय निम्म्या शाखांची मंजुरी घेतंय, असं कुणी कधी पाहिलंय का?

भाचीला मी घरातला सातबारा काढून दाखवला. तिच्या आजीचं नाव, गट क्रमांक, पीकपाणी. ज्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली हा उतारा निघतो, ती १९६६ साली आपल्या विधिमंडळानं केली, संसदेनं नव्हे. जमीन राज्याच्या सूचीत आहे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, शेती आणि स्थानिक स्वराज्य संस्थासुद्धा. माणसाचा रोजचा संबंध ज्या सरकारशी येतो, त्यातलं बरंचसं इथे आहे. या सभागृहाला मत देऊन उपयोग नाही, असं अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या मनात भरवणं, याचा मला खरा राग आहे.

राज्यपालांचा मुद्दा १९८० साली कुणी मांडला असता तर मीही मान डोलावली असती. १९७७ मध्ये केंद्रातल्या जनता सरकारनं राष्ट्रपती राजवट लावून नऊ राज्यांतली काँग्रेसची सरकारं घालवली, १९८० मध्ये इंदिरा गांधींनी नऊ राज्यांत तेच केलं. महाराष्ट्रातलं शरद पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारही त्यातच गेलं. पण त्यानंतर ११ मार्च १९९४ ला बोम्मई खटल्याचा, म्हणजे कर्नाटकचे बरखास्त मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांच्या खटल्याचा, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. नऊ न्यायमूर्तींचं घटनापीठ होतं. बहुमत आहे की नाही ते सभागृहात ठरेल, राजभवनात नाही. राष्ट्रपती राजवटीची घोषणा कोर्टात तपासता येईल. संसदेच्या दोन्ही सभागृहांची मंजुरी मिळेपर्यंत विधानसभा विसर्जित करता येणार नाही. २०१६ मध्ये उत्तराखंडात राष्ट्रपती राजवट लागली, ती हायकोर्टानं रद्द ठरवली; पुढे सुप्रीम कोर्टाच्या आदेशानं विश्वासदर्शक ठराव झाला आणि हरीश रावत यांचं सरकार परत आलं. एका अहवालावर सरकार घरी जात नाही.

कायदा टिकत नाही म्हणे. केंद्राच्या कायद्याला वरचढ धरण्याचा कलम २५४ चा नियम मुख्यतः समवर्ती सूचीपुरता आहे, आणि तिथेही राष्ट्रपतींची संमती मिळाली तर त्या राज्यात राज्याचाच कायदा चालतो. तमिळनाडूनं २०१७ मध्ये जल्लीकट्टू या बैलांच्या पारंपरिक खेळासाठी हेच केलं आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायदा कायम ठेवला.

पैशाचं बघायचं तर दुकानाचं बिल उलगडून बघा. पाच टक्के जीएसटी असेल तर अडीच सीजीएसटी आणि अडीच एसजीएसटी, दोन वेगळ्या ओळी. दुसरी ओळ राज्याची. शिवाय मुद्रांक शुल्क, वाहन कर, दारूवरचा कर आणि पेट्रोलवरचा व्हॅट राज्याचाच. केंद्राच्या करांतला वाटा हीसुद्धा कृपा नव्हे: घटनेप्रमाणे नेमलेल्या पंधराव्या वित्त आयोगानं वाटून द्यायच्या रकमेतले ४१ टक्के राज्यांना ठरवून दिले. उपकर आणि अधिभार (सेस आणि सरचार्ज) मात्र केंद्र वाटत नाही, सगळं स्वतःकडे ठेवतं. राज्यांची ही तक्रार रास्त आहे.

राहिला पाचवा मुद्दा, आणि तो मला मान्य करावा लागतो. कलम ३ प्रमाणे संसद साध्या बहुमतानं राज्याच्या सीमा बदलू शकते. विधिमंडळाचं मत विचारावं लागतं, पण ते मानलंच पाहिजे असं नाही. १ मे १९६० चा महाराष्ट्रसुद्धा कागदावर संसदेच्या कायद्यानंच झाला. त्यामागे संयुक्त महाराष्ट्राचा लढा आणि हुतात्म्यांचं रक्त होतं, ते मेसेजमध्ये नाही. कुठल्याच सूचीत नसलेले विषय केंद्राकडे जातात, शिक्षण १९७६ मध्ये राज्याच्या सूचीतून समवर्ती सूचीत गेलं, हेही खरं. पारडं केंद्राकडे झुकलेलं आहे. पण झुकलेलं पारडं वेगळं आणि शाखा कार्यालय वेगळं.

भाचीनं पहिल्या चार मुद्द्यांवर काट मारली. पाचव्याशेजारी समासात "कलम ३" लिहिलं आणि विचारलं, "सातवी अनुसूची पाठ करायची की समजून घ्यायची?" मी म्हटलं, राज्यसूची आधी वाच, गावाकडे जाऊ तेव्हा त्यातलं काय काय दिसतं ते मोजू.